‘नजरचूक’ मोजताना: औषधे तयार करण्याच्या खोलीतील एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

एका मोठ्या रुग्णालयात अतिदक्षता विभागाला लागून औषधे तयार करण्याची एक छोटी खोली आहे. तिथे काही महिन्यांच्या अंतराने दोनदा एकाच औषधाची चुकीच्या तीव्रतेची व्हायल, म्हणजे इंजेक्शनच्या औषधाची छोटी बाटली, उचलली गेली. दोन्ही वेळा सिरिंज रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचण्याआधी चूक ध्यानात आली आणि कोणालाही इजा झाली नाही. घटनेच्या नोंदीत ‘कारण’ या रकान्यात मात्र दोन्ही वेळा एकच शब्द लिहिला गेला: नजरचूक. लिहिणाऱ्या दोघी वेगळ्या होत्या, पाळ्या वेगळ्या होत्या, आणि तरीही दोघींना त्याहून नेमके काही सांगता आले नव्हते. रुग्णालयाच्या सुरक्षितता समितीला हीच गोष्ट खटकली.

अशी चूक किती महागात पडू शकते हे समितीला कोणी सांगायची गरज नव्हती. 2006 साली अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे नवजात बालकांना मिलिलिटरमागे 10 युनिटऐवजी 10,000 युनिट तीव्रतेचे हेपारिन (रक्त गोठू न देणारे औषध) दिले गेले आणि तीन बालके दगावली. त्या दोन्ही व्हायलींची लेबले निळ्याच छटांची होती. आतल्या द्रावात हजारपट फरक होता, पण हातात घेतल्यावर बाटल्या जवळजवळ सारख्या दिसत होत्या.

समितीने आमच्या गटाकडे मदत मागितली. माणसे प्रत्यक्ष काम करताना कुठे, कधी आणि किती वेळ पाहतात, हे चष्म्यासारख्या उपकरणाने टिपणे हे आमचे काम. पुढील वृत्तान्तात रुग्णालय, विभाग, औषध आणि व्यक्ती ओळखू येऊ नयेत इतपत तपशील बदलले आहेत. कामाचा क्रम आणि आमच्या हातून झालेली चूक मात्र जशी घडली तशीच ठेवली आहे.

समितीचा प्रश्न आणि त्यातील अडचण

पहिल्या बैठकीत प्रश्न असा मांडला गेला: “परिचारिका लेबल वाचतात की नाही, एवढे आम्हाला मोजून द्या.” हा प्रश्न साधा वाटतो, पण त्यात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या होत्या. एक अशी की नजर लेबलावर पडली म्हणजे लेबल वाचले गेले. दुसरी, उघडपणे न बोललेली, अशी की न वाचणाऱ्या व्यक्ती सापडल्या की प्रश्न सुटेल.

दुसरी गोष्ट सर्वांत आधी ओळखली ती विभागाच्या इन्चार्ज सिस्टरांनी. बैठक संपत आली असताना त्या म्हणाल्या, “सर, हा चष्मा घालायला लावून शेवटी खापर आमच्याच डोक्यावर फुटणार असेल, तर ते आत्ताच सांगा. मुली घालतील चष्मा, पण मग त्या नेहमीसारखे काम करणार नाहीत.” हे बोलणे केवळ आपल्या माणसांच्या बचावाचे नव्हते, मोजमापाच्या दृष्टीनेही ते अचूक होते. आपल्या नजरेचा हिशेब वरिष्ठांच्या टेबलावर जाणार आहे हे ठाऊक असलेली व्यक्ती प्रत्येक लेबलाकडे मुद्दाम, दाखवण्यापुरते पाहील, आणि मग आम्ही मोजू ते फक्त तिचे सावध असणे.

म्हणून आम्ही प्रश्न बदलून मागितला. एक व्हायल खणातून उचलल्यापासून सिरिंज भरून होईपर्यंत नजर कोणत्या क्रमाने कुठे जाते, आणि व्हायलच्या लेबलाकडे ती हात पोहोचण्याआधी जाते की नंतर? यात ‘कोण’ हा शब्द नाही. समितीने होकार दिला, पण तो तोंडी होता. तो लिहून न घेतल्याचा त्रास पुढे झाला.

उपकरण नेमके काय टिपते

पुढचे निर्णय समजण्यासाठी या चष्म्याचे काम थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. चष्म्याच्या चौकटीत डोळ्यांच्या दिशेने बसवलेले बारीक कॅमेरे आणि इन्फ्रारेड प्रकाशाचे ठिपके असतात. हा प्रकाश डोळ्याला दिसत नाही, पण कॅमेऱ्याला डोळ्याची काळी बाहुली आणि बुबुळाच्या पृष्ठभागावरचे चमकते प्रतिबिंब स्पष्ट दिसते. या दोहोंच्या परस्पर जागेवरून डोळा कोणत्या दिशेला वळला आहे याचे गणित केले जाते. चौकटीवर बाहेरच्या बाजूला आणखी एक कॅमेरा असतो, तो समोरचे दृश्य टिपतो. डोळ्याची दिशा आणि समोरचे दृश्य यांची सांगड घातली की चित्रफितीवर एक रंगीत ठिपका फिरताना दिसतो. त्या व्यक्तीची नजर त्या क्षणी तिथे होती, असा त्याचा अर्थ घेतला जातो.

ही सांगड आपोआप लागत नाही. प्रत्येकीच्या डोळ्याचा आकार वेगळा, चष्मा नाकावर बसण्याची पद्धत वेगळी. म्हणून सुरुवातीला ठराविक खुणांकडे पाहायला सांगून उपकरणाची त्या व्यक्तीशी जुळणी करावी लागते. हेच कॅलिब्रेशन.

आता ठिपक्याबद्दल. चित्रफीत पाहणाऱ्याला तो टाचणीच्या टोकाइतका नेमका वाटतो, आणि या तंत्राचा सर्वांत मोठा धोका मला तोच वाटतो. चांगल्या परिस्थितीत अशा चष्म्यांची चूक साधारण एक अंशाच्या आसपास असते, आणि डोक्याची हालचाल, सरकलेली चौकट, अर्धवट मिटलेल्या पापण्या किंवा जाड भिंगांचा नंबर यांमुळे ती वाढते. एक अंश म्हणजे किती, हे अंतरावर अवलंबून आहे. दोन मीटरवरच्या भिंतीवर तो सुमारे साडेतीन सेंटिमीटर होतो, तर 40 सेंटिमीटरवर, म्हणजे हातात धरलेल्या व्हायलच्या अंतरावर, सुमारे 7 मिलिमीटर. चूक कोणत्याही दिशेला होऊ शकत असल्यामुळे ठिपका प्रत्यक्षात दीड सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ समजायला हवा. आमच्या व्हायलच्या लेबलावर औषधाचे नाव आणि त्याची तीव्रता या दोन ओळींत जेमतेम 6 मिलिमीटर अंतर होते.

डोळ्याची स्वतःचीही एक मर्यादा आहे. दृष्टिपटलाचा ज्या भागाने आपल्याला सर्वांत तीक्ष्ण दिसते तो नजरेच्या क्षेत्रातला जेमतेम दोन अंशांचा तुकडा असतो, म्हणजे हात लांब केल्यावर अंगठ्याचे नख दिसते साधारण तेवढा. नजर नावावर असताना खालच्या ओळीतला आकडाही त्या तुकड्यात येऊ शकतो. त्यामुळे ‘नाव पाहिले पण तीव्रता पाहिली नाही’ असे विधान या उपकरणाने करता येणार नव्हते, आणि कितीही काळजी घेतली तरी ते बदलणार नव्हते. समितीला हे आम्ही पहिल्या महिन्यात स्पष्ट शब्दांत कळवले. पटायला मात्र त्यांना वेळ लागला.

विचारात घेतलेले पर्याय

चष्मा वापरायचा की नाही, हाही प्रश्नच होता. एक मार्ग होता कोपऱ्यात निरीक्षक उभा करण्याचा. तो स्वस्त आणि सोपा असतो, आणि कोण किती वेळा मध्येच हाक मारते, कोणाचा फोन वाजतो हे निरीक्षक उत्तम टिपतो. पण पाठमोऱ्या व्यक्तीची नजर त्याला दिसत नाही. छतावर कॅमेरा लावण्याची सूचनाही आली. तिच्यातून हातांचा क्रम मिळाला असता, नजरेचा नाही. तिसरा मार्ग असा की परिचारिकांना संगणकासमोर बसवून पडद्यावर व्हायलींची छायाचित्रे दाखवावीत आणि पडद्याखाली बसवलेल्या उपकरणाने नजर टिपावी. डोके स्थिर असल्यामुळे तिथे अचूकता बरीच जास्त मिळते आणि नाव व तीव्रता यांतला फरकही मोठ्या अक्षरांत वेगळा काढता येतो. परंतु पडद्यावरची व्हायल उचलायची नसते, फिरवायची नसते, आणि ती पाहत असताना मागून कोणी “सिस्टर, सात नंबरचं पंप वाजतंय” असे ओरडत नाही.

हात काम करत असताना डोळे वेगळ्या शिस्तीने चालतात, हे जुने निरीक्षण आहे. ससेक्स विद्यापीठातील मायकेल लँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 साली चहा करणाऱ्या माणसांची नजर डोक्यावर बसवलेल्या कॅमेऱ्याने टिपली, तेव्हा नजर जवळजवळ सर्वकाळ कामाच्या वस्तूंवरच असते आणि हाताच्या सुमारे अर्धा सेकंद पुढे चालते, असे आढळले. पुढची वस्तू हातात येण्याआधी डोळा तिच्यावर पोहोचलेला असतो, आणि हातातले काम पूर्ण व्हायच्या आतच तो पुढे निघून जातो. औषध तयार करण्याच्या कामात हाच अर्धा सेकंद आम्हाला पाहायचा होता, आणि तो खुर्चीवर बसलेल्या माणसात सापडला नसता.

प्रत्यक्ष पाळीत मोजायचे की तशाच रचलेल्या नकली खोलीत, हा शेवटचा वाद. प्रत्यक्ष पाळीत रुग्णांची नावे, तक्ते, सहकाऱ्यांचे चेहरे असे सर्व दृश्य कॅमेऱ्यात येणार होते, ज्यांची संमती आम्ही घेतलेली नव्हती. नकली खोलीत ही अडचण नव्हती, शिवाय पाणी भरलेल्या व्हायली वापरून मुद्दाम एखादी चुकीची व्हायल खणात ठेवणेही तिथे शक्य होते. आम्ही दोन्ही निवडले. पहिला टप्पा प्रत्यक्ष खोलीत, पण चष्मा फक्त दाराच्या आत घालायचा, दारावर सूचना लावायची, तक्त्यावर रुग्णाच्या नावाऐवजी खाटेचा क्रमांक ठेवायचा आणि बाहेर पडताना चष्मा उतरवायचा. दुसरा टप्पा नकली खोलीत. बारा परिचारिकांनी आपणहून नावे दिली.

पहिला आठवडा आणि आमची चूक

पहिल्या तीन नोंदी पाहताना आमच्यातील एका तरुण सहकाऱ्याने कागदावर लिहिले: ‘लेबलाकडे नजर नाही. झाकणाकडे पाहून व्हायल ओळखतात.’ चित्रफितीत तसेच दिसत होते. व्हायल हातात आली की ठिपका लेबलाच्या वर, रंगीत झाकणावर जाऊन बसायचा आणि तिथेच थरथरायचा. तिघींच्या बाबतीत हेच. झाकणाचा रंग दोन्ही तीव्रतांच्या व्हायलींवर सारखा असल्यामुळे हा निष्कर्ष घटनेशी अगदी चपखल जुळत होता. तो समितीच्या प्राथमिक टिपणात जायच्या बेतात होता.

तो थांबला तो केवळ एका नियमामुळे. प्रत्येक सहभागी व्यक्तीला तिची स्वतःची चित्रफीत दाखवून ‘इथे तुम्ही काय करत होता?’ असे विचारायचे, असे आम्ही आधीच ठरवले होते. तिसऱ्या सिस्टर, ज्यांना या कामाचा बराच अनुभव होता, पडद्याकडे थोडा वेळ शांतपणे पाहत राहिल्या. मग त्या म्हणाल्या, “मी झाकण बघत नव्हते. मी मुदतीची तारीख वाचत होते. तुम्हाला ऐकूही येईल, मी पुटपुटतेय बघा.” आवाज वाढवला तेव्हा खरोखरच महिना आणि वर्ष ऐकू आले. तारीख लेबलाच्या वरच्या ओळीत होती आणि ठिपका मात्र तिच्या बराच वर, झाकणाच्या कडेवर होता.

त्याच दुपारी आम्ही त्यांना पुन्हा चष्मा घालायला दिला आणि 40 सेंटिमीटरवर धरलेल्या कार्डावरच्या एका अक्षराकडे पाहायला सांगितले. ठिपका त्या अक्षराच्या पावणेदोन सेंटिमीटर वर पडला. मग तेच कार्ड एक मीटरवरच्या भिंतीला टेकवले, आणि ठिपका अक्षरावर बरोबर बसला.

कारण कळायला मग वेळ लागला नाही. आमचे उपकरण जुने, एकाच डोळ्याची नजर टिपणारे होते, आणि दृश्य टिपणारा कॅमेरा डोळ्याच्या साधारण 3 सेंटिमीटर वर बसवलेला होता. डोळा आणि कॅमेरा एकच वस्तू दोन वेगळ्या जागांवरून पाहत असतात. वस्तू जितकी जवळ, तितका त्या दोन दिशांमधला फरक मोठा. एक मीटरवर हा फरक 1.7 अंश असतो, 40 सेंटिमीटरवर 4.3 अंश. कॅलिब्रेशन करताना आम्ही खुणांचा तक्ता सोयीसाठी भिंतीवर, एक मीटरवर लावला होता, त्यामुळे उपकरण एक मीटरचा फरक धरून बसले आणि हातातल्या व्हायलसाठी 2.6 अंशांनी चुकत राहिले. कॅमेरा डोळ्याच्या वर असल्यामुळे ही चूक नेहमी एकाच दिशेला, वरच्या दिशेला होत होती. म्हणूनच ती विस्कळीत न दिसता एखाद्या सवयीसारखी दिसली आणि आम्ही तिच्यावर विश्वास ठेवला.

ज्या परिचारिकांच्या नोंदीत आम्ही ‘नजरचूक’ या शब्दाबद्दल शंका घेत होतो, त्यांच्याविषयी आम्ही स्वतः पूर्णपणे चुकीचे विधान करणार होतो, आणि तेही आकड्यांच्या आधाराने. आकड्यांना परिचारिकेच्या शब्दापेक्षा जास्त वजन मिळाले असते, हे मला आजही अस्वस्थ करते.

निर्णय: बिघडलेल्या नोंदींचे काय करायचे

येथे दोन मते होती. चूक ठराविक असल्याने ठिपका गणिताने खाली सरकवून घ्यावा, असे एक मत. ते मोहक होते, कारण प्रत्यक्ष पाळीतली प्रत्येक नोंद मिळवण्यासाठी परिचारिकांनी आपला वेळ दिला होता. पण असे सरकवणे एकाच अंतरासाठी बरोबर ठरते. परिचारिका खणाकडे पाहते तेव्हा अंतर 70 ते 80 सेंटिमीटर असते, भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहते तेव्हा दीड मीटर, आणि सिरिंजवरचे आकडे वाचताना ती व्हायल 25 सेंटिमीटरपर्यंत जवळ आणते. एका आकड्याने सर्व ठिकाणे दुरुस्त होत नाहीत. एक जागा बरोबर करताना दुसरी बिघडते.

दुसरे मत स्वीकारले गेले. त्या तीन नोंदी लेबलाच्या विश्लेषणातून वगळल्या आणि ‘खण, ओटा, तक्ता, दार’ अशा मोठ्या भागांसाठीच वापरल्या. पुढच्या सर्व नोंदींत कॅलिब्रेशन कामाच्या अंतरावर, ओट्यावर ठेवलेल्या कार्डाने केले आणि सुरुवातीला, मध्ये व शेवटी पाच खुणांकडे पाहायला सांगून चूक प्रत्यक्ष मोजली. बहुतेकींच्या बाबतीत ती एक ते दीड अंश भरली. दोघी खालच्या खणातून सामान काढायला वाकल्या की चौकट नाकावरून घसरायची, आणि त्यानंतरची मोजणी पहिल्या मोजणीशी जुळायची नाही. त्यांच्यासाठी चौकटीला मागून पट्टा लावला. एका परिचारिकेच्या चष्म्याला दुहेरी नंबर होता. तिच्या भिंगाच्या खालच्या भागातून बाहुली नीट दिसतच नव्हती, म्हणून तिची नोंद सोडून द्यावी लागली. तिला हे सांगताना तिच्यात काही उणे आहे असा सूर लागू नये, याची आम्ही काळजी घेतली. उणे उपकरणात होते.

नोंदी वाचण्याची पद्धतही बदलावी लागली. नजर कुठे स्थिरावली हे ठरवण्यासाठी संगणक डोळ्याच्या वेगाचा उंबरठा वापरतो. पडद्यासमोर बसलेल्या माणसासाठी सेकंदाला 30 अंश हा प्रचलित उंबरठा आहे. पण चालत्या-वळत्या माणसाचे डोके फिरते तेव्हा नजर वस्तूवर टिकवण्यासाठी डोळा खोबणीत उलट दिशेला फिरतो. नजर स्थिर असते आणि डोळा वेगाने हलत असतो. संगणक त्याला नजरेची झेप समजतो आणि एका सलग पाहण्याचे चार तुकडे करतो. शेवटी दोघा जणांनी एकमेकांना न विचारता चित्रफिती तुकड्यातुकड्याने पाहून खुणा केल्या आणि त्यांचे कितपत जुळते हे कोहेन यांच्या कप्पा या मापाने तपासले. पहिल्या फेरीत जुळणी समाधानकारक नव्हती, कारण ‘व्हायल’ आणि ‘व्हायल धरलेला हात’ यांची सीमा प्रत्येकाने वेगळी धरली होती. व्याख्या लिहून काढल्यावर ती सुधारली. नाव आणि तीव्रता यांना मात्र आम्ही शेवटपर्यंत ‘लेबल’ हा एकच भाग मानले.

मध्येच आलेली मागणी

काम अर्ध्यावर असताना व्यवस्थापनाकडून निरोप आला की व्यक्तीनिहाय तक्ता मिळावा, प्रशिक्षणासाठी उपयोग होईल. हेतू वाईट नसावा. पण सहभागींना दिलेला शब्द वेगळा होता, आणि समितीचा तोंडी होकार आता कोणालाच नीट आठवत नव्हता. आम्ही नकार दिला. तीन आठवडे काम थांबले. या काळात इन्चार्ज सिस्टरांनी आपल्या परिचारिकांना एकत्र बसवून नेमके काय चालले आहे ते सांगितले, आणि कोणीही नाव मागे घेतले नाही. शेवटी लेखी ठरले की चित्रफिती आमच्याकडेच राहतील, क्रमांकावरून नाव कळेल अशी यादी विश्लेषण संपताच नष्ट होईल, आणि अहवालात एकाही व्यक्तीचा वेगळा उल्लेख असणार नाही.

काय आढळले

झाकणाची गोष्ट खोटी ठरली. परिचारिका लेबलाकडे पाहत होत्या, बऱ्याचदा एकाहून अधिक वेळा. प्रश्न ‘केव्हा’चा निघाला.

हात खणाकडे जाण्याआधी नजर जात होती ती खणाच्या पुढच्या पट्टीवरील नावाकडे. पट्टीवर औषधाचे नाव होते, तीव्रता नव्हती, आणि दोन्ही तीव्रतांच्या व्हायली एकाच खणात शेजारी-शेजारी उभ्या होत्या, झाकणे वर करून. खणात पाहताना लेबल दिसतच नव्हते. दिसत होती ती फक्त एकसारखी झाकणे. लेबलावर नजर पोहोचायची ती व्हायल हातात आल्यावर, झाकण काढताना किंवा सुई टोचताना, म्हणजे निवड होऊन गेल्यानंतर. तोवर डोळा पुढच्या कामाच्या, सिरिंजच्या, मागे निघालेला असायचा. लँड यांच्या निरीक्षणातला तोच अर्धा सेकंद येथे उलट बाजूने दिसत होता: तपासणीची जागा हातांच्या क्रमात इतकी उशिरा ठेवलेली होती की डोळ्याला तिथे थांबायला सवडच उरत नव्हती.

दुसऱ्या परिचारिकेने करायची फेरतपासणीही पाहिली. तिची नजर बहुतेक वेळा सिरिंजमधील द्रावाच्या पातळीवर जायची, व्हायलवर क्वचित. कारण तोवर व्हायल ओट्यावर आडवी पडलेली असायची, लेबल कधी वर, कधी खाली.

नकली खोलीतल्या एका नोंदीबद्दल वेगळे सांगायला हवे. खणात मुद्दाम ठेवलेली चुकीची व्हायल एका परिचारिकेने उचलली, ती डोळ्यांसमोर आणली, आणि ठिपका जवळजवळ सेकंदभर लेबलाच्या मधोमध राहिला. एरवी वाचताना नजर एका जागी साधारण पाव सेकंद थांबते. सेकंद हा पुरेसा वेळ होता. तिने तरीही तीच व्हायल वापरली. नंतर चित्रफीत पाहताना ती म्हणाली, “मला तिथे नेहमीचाच आकडा दिसला.” हे अविश्वसनीय वाटू नये. 2013 साली ट्राफ्टन ड्रू, मेलिसा वो आणि जेरेमी वुल्फ यांनी 24 क्ष-किरणतज्ज्ञांना फुप्फुसांच्या स्कॅनमध्ये गाठी शोधायला सांगितल्या आणि त्यातल्या शेवटच्या स्कॅनमध्ये गोरिलाचे चित्र घातले. 20 जणांना ते दिसले नाही, आणि त्यांतील बहुतेकांची नजर त्या चित्राच्या जागेवरून गेलेली होती. लेबल डोळ्यांखालून जाते, मनापर्यंत पोहोचतेच असे नाही. त्या परिचारिकेच्या बाबतीत ‘लेबल पाहिले का?’ या समितीच्या मूळ प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असे आले असते.

कृती आणि परिणाम

अहवालात प्रशिक्षणाची शिफारस केली नाही. दोन तीव्रता वेगळ्या खणांत, एकमेकींपासून दूर ठेवायच्या. पट्टीवर नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत तीव्रता लिहायची. व्हायली उभ्या न ठेवता उतरत्या कप्प्यात लेबल पुढे करून आडव्या ठेवायच्या. आणि फेरतपासणीसाठी व्हायल उभी राहील असा खाचा असलेला छोटा ट्रे ओट्यावर ठेवायचा. ट्रेची कल्पना तारीख पुटपुटणाऱ्या त्याच सिस्टरांची.

बदलांनंतर सहा परिचारिकांच्या नोंदी पुन्हा घेतल्या. सहाही जणींची नजर व्हायलच्या लेबलावर हात पोहोचण्याआधी जाऊ लागली होती, आणि फेरतपासणीत व्हायलकडे पाहणे पूर्वीइतके दुर्मीळ राहिले नव्हते. चुका कमी झाल्या, असे मात्र आम्ही लिहिले नाही. दोन घटना काही महिन्यांच्या अंतराने घडल्या असतील, तर त्यानंतरचे काही शांत महिने कशाचाच पुरावा देत नाहीत. समितीतील काहींना ते वाक्य अहवालात हवे होते. ते घातले गेले नाही. घटना-नोंदीच्या अर्जात मात्र बदल झाला. ‘कारण’ या रकान्याखाली आता ‘व्हायल कुठून उचलली आणि तिथे शेजारी काय होते’ असा वेगळा रकाना आहे.

वेगळे काय करता आले असते

कॅलिब्रेशनचे अंतर हा नवशिक्यालाही शिकवला जाणारा मुद्दा आहे, आणि आम्ही नवशिके नव्हतो. खोलीत पहिल्या दिवशी मोजपट्टी घेऊन जायला हवे होते: खण किती दूर, हात किती दूर, तक्ता किती दूर. ते दहा मिनिटांचे काम आहे. दोन्ही डोळ्यांची नजर टिपणारे आणि अंतराचा हिशेब ठेवणारे नवे उपकरण असते तर ही विशिष्ट चूक बरीच कमी झाली असती, पण तेव्हाही कामाच्या अंतरावर पाच खुणा दाखवून खात्री करून घेणे टळले नसते.

लेखी करार पहिल्या बैठकीतच व्हायला हवा होता. इन्चार्ज सिस्टरांनी प्रश्न उघडपणे विचारला होता. त्याचे उत्तर कागदावर द्यायला आम्हाला तीन महिने लागले, आणि त्या काळात बारा जणींनी केवळ आमच्या शब्दावर चष्मा घातला.

नाव आणि तीव्रता यांतला फरक मोजण्यासाठी पडद्यावरचा छोटा प्रयोग सोबत जोडायला हवा होता, असे माझे मत आहे. गटातील सर्वांना ते मान्य नाही. पडद्यावर मोठ्या अक्षरांत वेगळे दिसलेले वर्तन हातातल्या व्हायलला लागू पडत नाही, असे त्यांचे म्हणणे, आणि ते सहज खोडून काढता येणारे नाही.

आणखी एक गोष्ट. स्वतःची चित्रफीत पाहून बोलण्याचा वेळ आम्ही प्रत्येकीसाठी 15 मिनिटे ठेवला होता आणि तो कामानंतरचा, ऐच्छिक मानला होता. झाकणाची चूक त्याच 15 मिनिटांत सापडली, ट्रेची कल्पनाही तिथूनच आली. पुढच्या कामात हा वेळ पहिल्या नोंदीनंतर लगेच, त्याच दिवशी आणि पाळीच्या वेळेत धरलेला आहे, आणि ती व्यक्ती बोलून होईपर्यंत नोंदीवर कोणीही काही लिहायचे नाही, असे आम्ही ठरवले आहे.